शंभरपैकी किती?

छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पोरांना इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या. पाठ्यपुस्तकंही तशीच होती, त्यामुळे त्यांना तरी काय बोलणार? माणूस म्हातारपणी आंघोळ कशी करत होता, त्याला उठवून कोण बसवत होतं, याला पुस्तकात अर्धी ओळसुद्धा मिळत नाही. पण गेल्या पाऊणशे वर्षांत डॉक्टर मंडळी नेमकं हेच मोजायला लागली आहेत. नुसतं मोजत नाहीत, त्याला गुण देतात! मास्तरला यात रस वाटणारच.

रस वाटण्याचं दुसरं कारण नातेवाइकांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगून टाकतो. तीन महिन्यांपूर्वी मला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. वय शहात्तर. हाडांत दोनतीन ठिकाणी गेला आहे. इंजेक्शन सुरू झालं, दुखणं कमी झालं, भूक लागते, संध्याकाळी नदीपर्यंत फेरी होते. तेव्हा फोनवर रडारड नको. प्रश्न आहे तो पुढच्या उपचाराचा. केमो द्यायची की नाही? डॉक्टर म्हणाले, "सर, ते तुमच्या वयावर ठरत नाही. तुम्ही स्वतःचं स्वतः किती करता, हे आधी बघू." हे वाक्य डोक्यात बसलं. स्वतःचं स्वतः किती करतो हे औषध ठरवायच्या कामाचं आहे, हे वैद्यकाला कधी कळलं, आणि कुणाला कळलं? मग भाचेसुनेच्या मदतीने इंटरनेटवर बसलो आणि जमेल तसं वाचलं. तेच आज लिहितो आहे. विषय जरा अवघड जागेचा आहे. लेकीसुना वाचतात हे माहीत आहे, पण आता या वयात संकोच कुणाचा करायचा?

आजार जुना आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात लघवी अडण्याचे, म्हणजे मूत्राघाताचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक वाताष्ठीला. अष्ठीला म्हणजे गुळगुळीत गोटा. मूत्रमार्गाजवळ असा गोटा होऊन लघवी अडते, असं वर्णन आहे. ही प्रोस्टेटचीच गाठ असं बरेच वैद्य म्हणतात. मी त्यात पडत नाही. कर्करोग म्हणून त्याची सूक्ष्मदर्शकाखालची पक्की नोंद मात्र १८५३ सालची आहे, लंडनच्या जे. अ‍ॅडम्स नावाच्या शल्यविशारदाची. त्यांनी हा फारच दुर्मिळ रोग असल्याचं लिहून ठेवलं. आज जगभर पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत याचा क्रमांक अगदी वरचा आहे. मग तेव्हा दुर्मिळ कसा? तर हा रोग म्हातारपणाचा. त्याच्यापर्यंत पोचायला आधी म्हातारं व्हावं लागतं. पटकी, देवी आणि क्षयाच्या काळात माणसं तिथवर पोचतच नव्हती. बाकी तपासायची साधनंही नव्हती, ते वेगळंच.

पुढची मोठी गोष्ट १९४१ सालची. शिकागो विद्यापीठातले चार्ल्स हगिन्स. मूळचे कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे. त्यांनी कुत्र्यांवर काम केलं, कारण माणसासारखंच कुत्र्यालाही म्हातारपणी प्रोस्टेटचं दुखणं होतं. वृषण काढले की कुत्र्याची ही ग्रंथी आक्रसते आणि पुरुषी हार्मोन टोचलं की पुन्हा वाढते, असं त्यांना दिसलं. मग त्यांनी आणि त्यांचा सहकारी हॉजेस याने तेच रोग पसरलेल्या पुरुषांवर करून पाहिलं. रक्तातलं एक रसायन, अ‍ॅसिड फॉस्फटेज, मोजत गेले. ते खाली आलं. आणि हाडांच्या वेदनेने अंथरुणाला खिळलेल्यांपैकी काही जण उठून बसले.

कर्करोगाच्या पेशी शरीराच्याच एखाद्या रसावर पोसलेल्या असू शकतात, तो रस तोडला तर त्या हटतात, हे त्यातून स्पष्ट दिसलं. १९६६ साली हगिन्सना नोबेल मिळालं, शोधानंतर पंचवीस वर्षांनी. (सनावळीची सवय जात नाही म्हणून सांगतो: त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण फळ्यावर शेजारी शेजारी लिहिण्यासारखी सालं आहेत.) पुढे मेंदूतून सुटणाऱ्या एका हार्मोनची रचना अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेने डुकरांच्या मेंदूतून उलगडली. त्यांना १९७७ चं नोबेल मिळालं, आणि त्यातून इंजेक्शन आलं. म्हणजे शस्त्रक्रियेचं काम सुईने होऊ लागलं. मी घेतो ते त्याच कुळातलं. आपल्याकडे अजूनही पुष्कळ जण शस्त्रक्रियाच पत्करतात, कारण ती एकदाच करायची असते आणि इंजेक्शनाचा खर्च सुटत नाही.

आता यात एक मेख आहे. पुरुषी हार्मोन नुसतं त्या ग्रंथीला पोसत नाही. दंडाचा स्नायू, हाडाचा चुना, अंगातली उमेद, सगळ्याला थोडंथोडं पोसतं. ते तोडलं की रोग हटतो आणि त्याबरोबर माणूसही थोडा हटतो. अंगातून अचानक गरम वाफा येतात. (सौ. म्हणाली, "आता कळलं का, पन्नाशीत मला काय होत होतं ते?") मांड्या बारीक होतात, पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात. २००५ साली अमेरिकेत पन्नास हजारांवर प्रोस्टेटवाल्या पुरुषांच्या नोंदी तपासल्या. निदानानंतर पाच वर्षं जगलेल्यांत, हा उपचार घेतलेल्यांपैकी १९.४ टक्क्यांचं हाड मोडलं होतं, न घेतलेल्यांपैकी १२.६ टक्क्यांचं. आणि म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं हे आपल्यापैकी प्रत्येकाने घरात नाहीतर शेजारी पाहिलेलं आहे. तेव्हा रोग किती हटला हे रक्ताच्या तपासणीत दिसतं, पण माणूस किती हटला ते कशात बघायचं?

याचं उत्तर कर्करोगवाल्यांनी पहिल्यांदा दिलं ते १९४८-४९ च्या सुमारास. न्यूयॉर्कचे डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांचे सहकारी फुफ्फुसाच्या कर्करोगावर नायट्रोजन मस्टर्ड वापरून पाहत होते. हे औषध युद्धातल्या विषारी वायूच्या कुळातलं. म्हणजे आजच्या केमोचा आजोबा. गाठ लहान झाली, पण माणूस अंथरुणातून उठला का? ते मोजायला त्यांनी शंभराची पट्टी केली. शंभर म्हणजे काही तक्रार नाही. सत्तर म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण कामधंदा होत नाही. पन्नास म्हणजे बरीच मदत लागते. शून्य म्हणजे मृत्यू. ही पट्टी आजही वापरात आहे. मला विचाराल तर ही पट्टी वर्गशिक्षकाच्या शेऱ्यासारखी आहे. 'प्रगती समाधानकारक' म्हटलं की झालं. कुठल्या विषयात कच्चा, ते तिच्यात कळत नाही.

विषयवार गुण देण्याचं श्रेय दुसऱ्याच मंडळींना जातं, आणि त्यांचा कर्करोगाशी काही संबंध नव्हता. त्यांचं काम म्हाताऱ्यांशी होतं.

आधी एका बाईंविषयी सांगतो. मार्जोरी वॉरन. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉक्टर. १९३५ साली त्या रुग्णालयाने शेजारच्या अनाथ-गरिबांच्या जुन्या आश्रमाचं इस्पितळ ताब्यात घेतलं आणि तिथले ७१४ रुग्ण यांच्या गळ्यात पडले. बहुतेक म्हातारे, बरेचसे वर्षानुवर्षं पडून. त्यांना खायला घालायचं, कूस बदलायची आणि वाट बघायची, एवढाच तिथला रिवाज. वॉरनबाईंनी काय केलं? प्रत्येकाला तपासलं. हा का पडून आहे, हा प्रश्न प्रत्येकाच्या बाबतीत वेगळा विचारला. तेव्हा असं निघालं, की अनेक जण आजारामुळे पडून नव्हते, त्यांना कुणी उठवलं नाही म्हणून पडून होते! त्यांची वर्गवारी केली, उभं राहायला, चालायला शिकवलं आणि कित्येकांना घरी पाठवलं. नुसतं निजवून ठेवण्याने म्हाताऱ्याचं किती वाटोळं होतं, हे त्यांनी चाळीसच्या दशकात लेख लिहून डॉक्टरांना सांगितलं. इंग्लंडमध्ये वृद्धांच्या वैद्यकाची आई म्हणतात त्यांना. इतिहासाच्या पुस्तकात चर्चिल सापडतो, या बाई सापडत नाहीत.

मग अमेरिकेतलं क्लीव्हलँड शहर. तिथल्या बेंजामिन रोझ रुग्णालयात सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांकडे बघत होते. बघत होते म्हणजे खरोखरच बघत होते, रोजच्या रोज. कोण काय स्वतः करतो आणि कशाला हात लागतो. त्यातून सहा कामं त्यांनी निवडली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवणं. १९६३ साली ही यादी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आली. सहाही कामं स्वतः करणारा तो 'ए', सहांपैकी एकही न करणारा तो 'जी'. (पुन्हा सनावळी: १९६३ सालीच मुंबईत कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही सुरू झाली, देशातली पहिली.)

कॅट्झ यांना यात एक क्रम दिसला, आणि तो मला या सगळ्या वाचनात सर्वांत विलक्षण वाटला. बरा होणारा म्हातारा आधी स्वतः जेवू लागतो आणि लघवी-शौच सांभाळतो, मग उठबस आणि संडास जमतं, आणि सर्वांत शेवटी कपडे आणि आंघोळ. मूलही साधारण याच क्रमाने मोठं होतं. आधी घास तोंडात, मग चालणं, मग चड्डी घालणं, आणि आंघोळ स्वतःची स्वतः करायला शाळेचं वय उजाडतं. खचताना उलटा क्रम, आंघोळ पहिली जाते. आमच्या आजोबांचं आठवून बघितलं, वडिलांचं बघितलं. अगदी तंतोतंत. आजोबांना न्हाणीघरात नेऊन बसवायला लागलो, त्यानंतरही दोन वर्षं ते आपल्या हाताने भाकरी कुस्करून खात होते. 'म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण' हे आपण म्हणतोच की. कॅट्झ यांनी ते मोजून दाखवलं.

त्यांच्या सूचना वाचण्यासारख्या आहेत. परीक्षकासाठी नमुना उत्तरपत्रिका असते ना, तशा. आंघोळीत फक्त पाठ चोळून दिली तर ती मदत धरायची नाही, गुण पूर्ण. कपड्यांत बुटाची नाडी बांधणं धरायचं नाही. जेवताना पावाला कुणी लोणी लावून दिलं तरी चालेल. पण एक नियम कडक आहे: करता येतं पण करत नाही, असा माणूस 'करत नाही' यातच धरायचा. हा नियम आपल्याकडच्या किती पुरुषांची विकेट काढेल याचा विचार करा! हातात टॉवेल दिल्याशिवाय न्हाणीत न जाणारे आपल्या घराघरांत आहेत. त्यांना सगळं येतं हो. करत नाहीत, एवढंच.

दोन वर्षांनी, १९६५ साली, बाल्टिमोरच्या दोन बायकांची पट्टी आली. डॉक्टर फ्लॉरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल. लांब मुदतीच्या आजाऱ्यांच्या रुग्णालयांत त्या ती दहा वर्षं आधीपासून वापरत होत्या. ही माझी आवडती, कारण ही सरळ शंभर गुणांची प्रश्नपत्रिका आहे. दहा प्रश्न. चालणं १५, पलंगावरून खुर्चीत १५, जेवण १०, संडास १०, कपडे १०, जिना १०, लघवी १०, शौच १०, आंघोळ ५, दाढी-केस-दात ५. बेरीज करून बघा, शंभर भरते. मी करून बघितली.

प्रोस्टेटवाल्याच्या दृष्टीने या दोन पट्ट्यांत एक मोठा फरक आहे. सुरुवातीला माझी लघवी अडली होती, तेव्हा तीन आठवडे नळी आणि पिशवी लावलेली होती. कॅट्झ यांच्या हिशेबात नळी म्हणजे परावलंबी, विषय संपला. बार्थेलबाईंचा हिशेब निराळा. त्यांच्या सूचनांत मणक्याला इजा झालेल्यांची गोष्ट आहे: बाहेरून लावायचं साधन आणि पायाची पिशवी जो स्वतः लावतो, स्वतः रिकामी करतो, धुतो आणि कोरडा राहतो, त्याला लघवीचे पुरे दहा गुण. त्या तीन आठवड्यांत मी पिशवी रोज स्वतः रिकामी करत होतो, किती भरली ते वहीत लिहीत होतो. नळी असलेला माणूस आणि नळी स्वतः सांभाळणारा माणूस हे दोन वेगळे आहेत, हे ज्या बाईला सुचलं तिला माझा नमस्कार. हा फरक रुग्णांच्या पायांशी बसून काम करणाऱ्याला सुचतो, टेबलामागे बसणाऱ्याला नाही.

त्याच लेखात त्यांनी आणखी एक इशारा दिला आहे. शंभर गुण मिळाले याचा अर्थ हा माणूस एकटा राहू शकेल असा नाही. तो कदाचित स्वयंपाक करू शकणार नाही, घर चालवू शकणार नाही, चार लोकांत वावरू शकणार नाही. फक्त त्याच्याजवळ सेवेला माणूस लागत नाही, एवढंच हे शंभर गुण सांगतात.

ते राहिलेलं मोजायला चार वर्षांनी, १९६९ मध्ये, फिलाडेल्फियाच्या पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांनी आणखी एक यादी केली. आठ कामं: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचा व्यवहार. ही जरा वरच्या इयत्तेची. आंघोळ जायच्या आधी बाजार जातो, जेवण जायच्या आधी हिशेब जातो. तेव्हा घसरगुंडी लवकर ओळखायची तर हीच यादी बरी.

पण यात एक गंमत आहे मंडळी, आणि ती वाचून मी खुर्चीतच हसत बसलो. या यादीत बायकांची परीक्षा आठ गुणांची आणि पुरुषांची पाच गुणांची! स्वयंपाक, घरकाम आणि धुणं हे तीन विषय पुरुषांना माफ. जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नाही ते म्हातारपणी येत नाही म्हणून गुण कापणं अन्यायाचं, असा विचार. एका परीने बरोबरच आहे. शिकवलंच नाही त्यावर प्रश्न काढू नये. पण याचा दुसरा अर्थ काय होतो बघा. ज्या पुरुषाला चहासुद्धा करता येत नाही तो पाचपैकी पाच मिळवून पूर्ण स्वावलंबी ठरतो, आणि शेजारी बसलेली त्याची बायको, जिला गुडघ्यांमुळे उभं राहून पोळ्या लाटता येत नाहीत, ती आठपैकी सात मिळवून परावलंबी! आता बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना आठही विचारतात. एलेन ब्रॉडी यांनीच पुढे १९८१ मध्ये मधल्या पिढीच्या बायकांवर लिहिलं, एकीकडे मुलं, दुसरीकडे म्हातारे आईबाप आणि मध्ये चेंगरलेल्या. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही.

इथे जरा आडवळण घेतो, कारण राजकारणाशिवाय इतिहासाच्या मास्तरला चैन पडत नाही. फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ. मे १९८१ मध्ये निवडून आले, आणि त्याच वर्षाअखेर त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तोही हाडांत गेलेला. माझ्यासारखाच. त्यांनी प्रकृतीची पत्रकं नियमित काढायचं वचन दिलं होतं. पत्रकं निघत राहिली, त्यांचे डॉक्टर सह्या करत राहिले, आणि रोगाचं नाव त्यांत नव्हतं. लोकांना कळलं ते १९९२ मध्ये, शस्त्रक्रिया झाली तेव्हा. दोन मुदती, चौदा वर्षं, पूर्ण करून ते मे १९९५ मध्ये उतरले आणि जानेवारी १९९६ मध्ये गेले. मग त्या डॉक्टरांनी पुस्तक लिहून सगळं फोडलं, आणि शेवटच्या काही महिन्यांत अध्यक्ष काम करण्याच्या स्थितीत नव्हते असाही दावा केला. न्यायालयाने पुस्तकावर बंदी घातली. डॉक्टरांनी गुपित फोडावं का, हा वाद मोठा आहे, तो पुन्हा कधीतरी. मला एवढंच दिसतं, की देश चालवणं कॅट्झ, बार्थेल, लॉटन कुणाच्याच यादीत नाही, आणि हाडांत कर्करोग घेऊन माणूस ते चौदा वर्षं करत राहिला. अर्थात त्यांना भाजी आणायला जावं लागत नव्हतं.

असो. म्हाताऱ्यांच्या डॉक्टरांच्या या पट्ट्या आणि कर्करोगाच्या डॉक्टरांची औषधं बरीच वर्षं वेगवेगळ्या गावांत राहिली. त्यांची गाठ पडली ती अलीकडे. २००३ मध्ये कॅनडात हार्मोन तोडण्याचा उपचार घेणाऱ्या १५५ पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, वजनं उचलायचा व्यायाम दिला. त्यांचा थकवा कमी झाला आणि अंगातली ताकद वाढली. म्हणजे औषधाने नेलेलं थोडं परत आणता येतं. मग २०१० मध्ये वृद्धांच्या कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सत्तरीपुढच्या प्रोस्टेटवाल्यांसाठी मार्गदर्शन काढलं. त्याचा गाभा हा की जन्मतारीख बघून उपचार ठरवू नका. आधी बघा तो स्वतः काय करतो, वजन घटलंय का, दुसरे आजार किती. जो ठणठणीत आहे त्याला तरुणासारखेच उपचार द्या. जो थोडा ढासळलाय त्याला आधी सावरा, मग द्या. जो फारच थकलाय त्याला झेपेल तेवढंच.

आता त्यासाठी जी-८ नावाची छोटी चाळणी वापरतात. आठ प्रश्न, सतरा गुण. त्यात वयाला किती असतील? फक्त दोन. चौदा किंवा कमी पडले की सविस्तर परीक्षा. एक प्रश्न असा आहे, की तुमच्या वयाच्या इतरांच्या मानाने तुमची तब्येत कशी? मी त्या बाईंना विचारलं, "माझ्या वर्गातले निम्मे गेले, तुलना कुणाशी करू?" त्या हसल्या आणि 'सारखीच' लिहिलं. मला तेरा मिळाले. मग सविस्तर परीक्षा झाली, सौ. शेजारीच बसलेली.

कॅट्झ यांच्या सहापैकी सहा. बार्थेल शंभरपैकी नव्वद, पाच जिन्यात गेले आणि पाच लघवीत, कारण खोकलो की थेंब गळतो. लॉटन-ब्रॉडी यांच्या यादीत फोन, बाजार, एस.टी.चा प्रवास, पेन्शनचा व्यवहार, चार गुण सरळ मिळाले. औषधांना शून्य! मी म्हटलं, "अहो, मी वेळेवर घेतो सगळी." त्यावर सौ. म्हणाली, "डबीत वारांप्रमाणे मी भरून ठेवते." आणि यादीत तसं चक्क लिहिलेलंच आहे: कुणी आधी वेगवेगळी काढून ठेवली तर घेतो, याला गुण नाही. पुरुषांच्या परीक्षेत पाचपैकी चार. मग मीच म्हटलं, आठही विचारा. अंथरूण आवरतो, त्याचा एक. आपली बनियनं स्वतः धुतो, त्याचा एक. स्वयंपाकाला भोपळा. आठपैकी सहा.

आपल्याकडे ही यादी तशीच्या तशी चालत नाही हेही लोकांच्या लक्षात आलं होतं. सून स्वयंपाक करते, मुलगा पैसे बघतो, मग म्हातारी करत नाही ते तिला येत नाही म्हणून, की करू देत नाहीत म्हणून? दिल्लीजवळ हरयाणात बल्लभगडच्या खेड्यांत, अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी वेगळी यादी केली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी होती, पण प्रश्न बघा: मोठे सण लक्षात राहतात का? घरातल्या लग्नकार्यासारख्या गोष्टीत मत देतो का? म्हणजे आपल्याकडे माणूस शाबूत आहे की नाही याची खूण, तो घरच्या लग्नात नाक खुपसतो की नाही ही! या विषयात मला पैकीच्या पैकी मिळाले असते, हे पुण्याची मंडळी सांगतील.

घरी परतताना एस.टी.त सौ. गप्प होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचं दोन वर्षं लांबतंय, पहिली या थंडीत करायचं ठरलं होतं. मला केमो दिली तर दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा डोस. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ७९० पुरुषांवरच्या अभ्यासात, इंजेक्शनाच्या जोडीला सुरुवातीलाच असे सहा डोस घेतलेले सरासरी अठ्ठावन्न महिने जगले, नुसत्या इंजेक्शनावरचे चव्वेचाळीस. फरक सव्वा वर्षाच्या आतबाहेरचा. थोडा नाही. पण त्या चार महिन्यांत मी गळून पडलो आणि तिचा गुडघाही खोललेला असला, तर दोन शंभर गुणवाले एका घरात उपाशी बसायचे. मुलगा म्हणतो नाशिकला या. तिसरा मजला आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. सौ.ला इथली ओसरी सोडवत नाही, मलाही नाही. केमोऐवजी गोळ्यांचाही मार्ग आहे म्हणतात, तो खर्च आणि त्याचे परिणाम डॉक्टर समजावून सांगणार आहेत.

तिने शेवटी विचारलं, "तुमच्या त्या परीक्षेत माझे किती हो?" मी वहीत मांडले. आठपैकी सात. बाजार गेला, कारण मंडईपर्यंत चालवत नाही. बाजार मी करतो, स्वयंपाक ती करते, तिची औषधं ती काढते, माझीही तीच काढते. दोघांचे मिळून एकही विषय राहत नाही. पण असे जोडीचे गुण धरण्याची पट्टी अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे जायचं आहे. गेले दोन आठवडे डबी मी भरतो. सौ. नंतर उघडून तपासते आणि काही बोलत नाही, म्हणजे बरोबर असावी. कुकर लावायला शिकलो, वरण-भात होतो, शिट्ट्या मोजायच्या असतात. पोळी काही जमत नाही. रोज सकाळी पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हात वरखाली करतो, पंधरा-पंधरा वेळा. सोमवारी काय ठरेल ते इथे कळवीनच.